शनिवारी अभ्यास, रविवारी काम: जुन्नर-आंबेगावकरांना जाहीर आवाहन



आपल्याकडे माणूस जास्त आजारी पडला की घोडेगाव, मंचर, नारायणगावच्या दवाखान्यातून पुढचा निरोप ठरलेला असतो: ससूनला न्या. जीप करायची, उसने पैसे गोळा करायचे आणि पहाटे पुण्याची वाट धरायची. तिथल्या व्हरांड्यात चटई टाकून रात्री काढलेलं माणूस आपल्या प्रत्येक वाडीवस्तीत सापडेल. मी शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हा सातवीतली एक मुलगी पंधरा दिवसांनी वर्गात परत आली. आजीबरोबर ससूनला राहिली होती. हजेरी घेताना तिनं विचारलं, "सर, ससून म्हणजे काय हो?" कुणी म्हणालं डॉक्टरचं नाव असेल, कुणी म्हणालं इंग्रज साहेबाचं. मी उत्तर दिलं, पण त्या दिवशी मनाला लागलं ते वेगळंच. हे मुलांना कधी आपणहून सांगावं असं इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ससून हे एका ज्यू घराण्याचं आडनाव आहे. डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ सालचा, बगदादचा. तिथल्या सत्तेच्या जाचाला कंटाळून ते बाहेर पडले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. त्यात अफूचा पैसाही होता आणि हे मुलांपासून लपवू नये. त्याच पैशातून शाळा, वाचनालयं, दवाखाने उभे राहिले. १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. १८६७ साली त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय रुग्णांसाठी उघडलं. पुण्याच्या कॅम्पात लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं एक प्रार्थनास्थळ आहे. त्याचं नाव ओहेल डेव्हिड, पण पुणेकरांनी त्याला नाव दिलं लाल देऊळ. त्याच्याच आवारात ससूनसाहेबांची कबर आहे. आपली माणसं त्या देवळावरून कितीदा गेली असतील. आत कोण प्रार्थना करतं हे ठाऊक नसतानाही.

ससून बाहेरून आलेले. पण महाराष्ट्रात त्यांच्या कितीतरी आधीपासून राहणारे ज्यू आहेत आणि त्यांची मातृभाषा मराठी आहे. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांच्यात चालत आलेली कथा अशी, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे ती माणसं कोकणातल्या गावागावांत पसरली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गाववाल्यांनी त्यांना नाव दिलं शनिवार तेली. पोथ्या हरवल्या होत्या, हिब्रू जवळजवळ विसरली होती, तरी शनिवारची सुट्टी, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि "शमा" ही एक प्रार्थना त्यांनी सोडली नाही. आडनावं गावांवरून पडली: नवगावकर, पेणकर, दिवेकर, केहीमकर, अष्टमकर. नवस फेडताना किंवा मंगलकार्यात एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं ते मलिदा करतात. आपल्याकडे दर्ग्यावरचा मलिदा चपातीचा आणि गुळाचा, त्यांचा भिजवलेल्या पोह्यांचा, ओलं खोबरं आणि वेलची घातलेला, वर फळं मांडलेली. ताट पाहिलं तर कुठल्याही मराठी घरातलं वाटावं.

एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे, कारण ओतूरसारख्या वारकऱ्यांच्या गावाला ती जवळची वाटेल. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायलांनी कीर्तन सुरू केलं. झांज, पेटी, आख्यान, सगळं आपल्यासारखंच. आख्यान मात्र बायबलातलं: भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात कसा मोठा झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्यानं धान्य कसं दिलं. मराठी ओव्या, मराठी चाली. हे कीर्तन आपल्या भजनी मंडळांनी मुलांना बसवून द्यावं, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

आता आवाहनाचा मुद्दा. आम्ही काही आजी-माजी शिक्षक या दोन तालुक्यांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी मराठी ज्यूंचा अभ्यास आणि त्याला जोडून गावातलं सेवेचं काम सुरू करू इच्छितो. सहावी ते आठवीच का? कारण ज्यू परंपरेत तेरा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार धरली जाते. त्या वयाचा सोहळा असतो, आणि जगात अनेक ठिकाणी त्या वर्षी मूल एखादं लोकांच्या उपयोगाचं काम अंगावर घेतं. आपल्याकडे याच वयाची मुलं शेतावर, घरी भरपूर राबतात. स्वतःच्या घरापलीकडच्या माणसासाठी काही करायला मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

ज्यू परंपरेत दानाला "त्सदाका" म्हणतात. या शब्दाचं मूळ न्याय या अर्थाच्या शब्दात आहे. गरिबाला दिलं ते उपकार म्हणून नव्हे, त्याचं होतं ते त्याला पोचवलं. आपली मराठी इथे फार नेमकी आहे. आपण देणगीलाही देणं म्हणतो आणि कर्जालाही देणंच म्हणतो. मुलांनी सेवा शिकायची ती या दुसऱ्या अर्थानं शिकावी, असं मला वाटतं. फोटो काढून, हार घालून बिस्किटांचे पुडे वाटण्याचे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले. घेणाऱ्याची मान त्यात खाली जाते आणि देणाऱ्या मुलाला चुकीचं वळण लागतं.

ज्यूंच्या धर्मग्रंथात शेतकऱ्याला आज्ञा आहे: पीक काढताना शेताचा कोपरा कापू नको, खाली पडलेलं उचलायला परत फिरू नको, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. रूथ नावाची परदेशी विधवा अशाच शेतात कापणाऱ्यांच्या मागून कणसं वेचत फिरते, त्यावर एक अख्खं छोटं पुस्तक आहे. हे वाचताना मला आपल्याकडचा सरवा आठवला. सातगाव पठारावर बटाटा निघाला की दुसऱ्या दिवशी घमेली आणि खुरपी घेऊन बायका येतात. ओल्या मातीत बोटांनी चाचपत, ढेकळं फोडत राहिलेला बटाटा काढतात. लिंबाएवढे, सुपारीएवढे, कुठे खुरप्यानं चिरलेले. दुपारपर्यंत अर्धं पोतं भरतं. जुना शेतकरी बांधावरून हे पाहायचा आणि म्हणायचा, न्या गं, मातीतलं मातीत कशाला सडवायचं. हल्ली कितीतरी शेतांत कुणी पाऊल ठेवू देत नाहीत. काढणी झाली की लगेच रोटर फिरतो.

म्हणून पहिलं काम सरव्याचं. मुलं रविवारी सकाळी शेतकऱ्याच्या परवानगीनं सरवा वेचतील आणि गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात ठेवून येतील. नाव न सांगता. बाराव्या शतकातल्या मैमोनिडीस या ज्यू वैद्य-पंडितानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, ही वरून दुसरी पायरी. सगळ्यात वरची म्हणजे माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं. ती मोठ्यांची जबाबदारी आहे.

दुसरं काम मला याहून मोलाचं वाटतं. आपला तालुका आंबेगाव, पण आंबेगाव कुठे आहे? मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडालं. नाव उरलं, कारभार घोडेगावात. त्या पाण्याखाली ज्यांचे उंबरे गेले ती माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. कुठे कुणाचं घर होतं, बाजार कुठे भरायचा, जत्रेत पालखी कुठून निघायची, हे त्यांच्यासोबतच जाईल. मुलांनी त्यांच्यापाशी बसावं आणि वहीत उतरवून घ्यावं. नकाशा काढावा. इस्रायलमध्ये आज हजारो बेने इस्रायल राहतात. देश झाल्यावर त्यांच्यातले बहुतेक तिकडे गेले. तिथून "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. कोकणातलं गाव सोडून पिढ्या झाल्या तरी नवगावकर हे आडनाव त्यांनी टाकलं नाही. गाव गेल्यावर गावाचं नाव कसं जपायचं, हे त्यांच्याकडून आपल्या मुलांनी शिकण्यासारखं आहे. आणि ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळून आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा आजची सातवीतली मुलं जन्मलीही नव्हती किंवा पाळण्यात होती. त्यांना हे कोण सांगणार?

काही पालक विचारतील, विचारायलाच हवं, की हा धर्मप्रसार तर नाही? नाही. ज्यू लोक इतरांना आपल्या धर्मात ओढत नाहीत आणि आम्हीही कुणाच्या देवघराला हात लावणार नाही. ज्याला मूल पाठवायचं नसेल त्याच्यावर सक्ती नाही. पश्चिम आशियातल्या युद्धाच्या बातम्या मुलं मोबाइलवर बघतात, त्याबद्दल ती विचारतील. एखादा देश आणि एक समाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना समजावून सांगू. मरणाऱ्या लेकरांबद्दल दोन्हीकडे सारखंच दुःख धरायला शिकवू.

"आपल्या इथे ज्यू राहतच नाहीत, मग हा अभ्यास कशाला" हेही ऐकू येईल. तसं म्हणणाऱ्यांना मी जुन्नरच्या लेण्यांत घेऊन जाईन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला चढत होता, त्या काळचे शिलालेख तिथे आहेत. इरिल नावाच्या एका यवनानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दान दिल्या. चित नावाच्या दुसऱ्या यवनानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. यवन म्हणजे पश्चिमेकडून समुद्रापलीकडून आलेला माणूस. ते ज्यू नव्हते. पण परक्या मुलखातल्या माणसानं इथल्या तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला सावली दिली आणि जुन्नरनं त्याचं नाव दगडात कोरून ठेवलं. आपल्या बापजाद्यांची रीत ही होती. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. सगळ्या देशात मिळून ते आता पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. मराठी ज्यू आजी-आजोबांकडून ऐकायला आपल्या मुलांपाशी फार वर्षं नाहीत.

बेत साधा आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावर एक तास अभ्यास: गोष्टी, नकाशे, कीर्तनाची तालीम, हिब्रूची थोडी अक्षरओळख. ज्यूंचा शनिवार विसाव्याचा आणि वाचनाचा, म्हणून त्या दिवशी आपणही फक्त अभ्यास करायचा. काम रविवारी सकाळी, दोन तास. वर्षातून एकदा पुण्याला सहल: लाल देऊळ, रास्ता पेठेतलं बेने इस्रायलांचं प्रार्थनास्थळ आणि ससूनचं आवार.

आम्हाला रोख पैसा नको. मुख्याध्यापकांनी शनिवारी एक खोली उघडी ठेवावी. शेतकऱ्यांनी काढणीनंतर रोटर घालण्याआधी दोन दिवस थांबावं आणि शक्य असेल तर एक कोपरा सोडावा. आहुपे, असाणे, हातवीज, आंबे अशा वरच्या गावांतल्या मुलांना खाली येणं अवघड, तर तिथल्या शिक्षकांनी तिथेच गट करावा, आम्ही वर येऊ. धरणात गाव गेलेल्या आजी-आजोबांनी मुलांना दारातून परत पाठवू नये. पुण्या-मुंबईच्या, ठाण्याच्या बेने इस्रायल मंडळींना हात जोडून विनंती, की एक शनिवार-रविवार आमच्याकडे या. आमच्या पोरांशी तुमच्या घरातल्या मराठीत बोला. मलिद्याचे पोहे आम्ही भिजवून ठेवू.

ज्या पालकांना मूल पाठवायचं आहे त्यांनी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे या महिनाअखेरीपर्यंत नाव द्यावं. शनिवारी येताना एक वही आणि पेन पुरे. रविवारी खुरपं, पाण्याची बाटली आणि एक रिकामं पोतं.