अस्वलाचा अधिक मास

आषाढीला देव झोपतात, कार्तिकीला उठतात. मधले चार महिने उपासतापासाचे. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरची पांढरी अस्वलं पंचांग पाहत नाहीत, पण त्यांचा चातुर्मासही साधारण याच सुमारास बसतो आणि उठतो. जुलैच्या आसपास समुद्रावरचा बर्फ फुटतो, अस्वलं किनाऱ्याला लागतात आणि नोव्हेंबरात पाणी पुन्हा गोठेपर्यंत जमिनीवर थांबतात. या काळात धड खायला मिळत नाही. अंगातली चरबी जाळायची आणि शक्य तितकं पडून राहायचं. हा उपास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. वाईट एवढंच, की आपला अधिक मास तीनेक वर्षांतून एकदा येतो. तिकडचा आता बहुतेक दरवर्षी येतो. १९८०च्या दशकाच्या मानानं तिथला बिनबर्फाचा काळ तीन-चार आठवड्यांनी लांबला आहे.

अस्वलांची गोष्ट अशी आठवड्यांनी सांगितली की ऐकणारा जांभई देतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये ती चित्रफीत आली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं असावं. कॅनडाच्या उत्तरेतल्या सोमरसेट बेटावरचं एक अस्वल. कातडं हाडांवर लोंबतंय, पाय फरफटत चाललंय, खायला काही मिळतं का म्हणून कचऱ्याच्या पिंपात तोंड घालतंय. हवामानबदल म्हणजे हा असा, अशा अर्थाची ओळ नॅशनल जिओग्राफिकनं त्याखाली दिली आणि जग हळहळलं. पुढच्या वर्षी त्याच मासिकानं कबूल केलं, की आपण जोड लावण्यात जरा जास्तच पुढे गेलो. ते अस्वल आजारी होतं, जखमी होतं की म्हातारं, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. छायाचित्रकार क्रिस्टिना मिटरमायर यांनीही गोष्ट आपल्या हातून निसटल्याचं लिहिलं. असं लिहायला धैर्य लागतं. पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं.

नुकसान म्हणजे आमचे काका. (सख्खे नव्हेत. प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक असतात, ते.) त्यांना ही माफी पाठ आहे. पांढऱ्या अस्वलाचा विषय निघाला की ते आधी ती पाठवतात आणि पाठोपाठ दुसरा संदेश: अस्वलं कमी कुठे झाली, पन्नास वर्षांत उलट वाढलीच की! गंमत म्हणजे यात अर्धं खरं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विमानातून, बोटीतून, सापळ्याला बंदूक बांधून, मिळेल त्या मार्गानं ही अस्वलं मारली जात होती. १९७३ मध्ये ऑस्लोत कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच देशांनी करार केला आणि शिकारीला आळा घातला. शीतयुद्धाच्या ऐन भरात हे जमलं, हे विशेष. त्यानंतर काही ठिकाणची अस्वलं सावरली. म्हणजे काकांच्या संदेशातून सिद्ध काय होतं, तर गोळ्या घालणं थांबवलं की जनावर वाढतं. तापमानाशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय साठच्या दशकातले आकडे म्हणजे निव्वळ अंदाज होते. आज जगभरात मिळून २२ ते ३१ हजार अस्वलं असावीत असं धरतात. ती वेगवेगळ्या गटांत विभागलेली आहेत आणि सगळ्यांची दशा सारखी नाही. अलास्का आणि रशियामधल्या चुकची समुद्रातली बऱ्यापैकी धष्टपुष्ट आहेत. आग्नेय ग्रीनलंडमध्ये तर काहीशे अस्वलांचा एक वेगळाच गट निघाला. समुद्राचा बर्फ विरला की हिमनद्यांतून कोसळलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावर उभं राहून तो शिकार करतो. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण अशा हिमनद्या सगळीकडे नाहीत.

आता पुन्हा हडसनकडे, कारण तिथली वही सर्वांत जुनी आणि नीट ठेवलेली आहे. इयन स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चिल गावाच्या परिसरात चार दशकांहून अधिक काळ अस्वलं पकडून, मोजून, दात-वजन नोंदवून सोडून दिली. त्या वहीत जमाखर्च स्पष्ट दिसतो. अस्वलाची कमाईची वेळ वसंतातली. मार्च-एप्रिलात रिंग्ड सीलची पिल्लं बर्फावर जन्मतात आणि काही आठवड्यांतच लोण्याच्या गोळ्यासारखी होतात. अस्वल त्यांची चरबी आणि कातडी आधी खातं, भूक मोठी असेल तरच मांसाला तोंड लावतं. वर्षभराची बहुतेक पुंजी याच दोन-तीन महिन्यांत अंगावर चढते. त्यामुळे जूनच्या शेवटी बर्फ लवकर फुटला, तर गेलेले दिवस साधे नसतात. ऐन सुगीतले दिवस गेलेले असतात. पुढे हिवाळा उशिरा आला की त्याच तुटपुंज्या पुंजीवर जास्त दिवस काढायचे. एका टोकाला कमाई कमी, दुसऱ्या टोकाला खर्च जास्त. ज्यानं कधी नापिकीनंतरचा उन्हाळा काढलाय, त्याला हे वेगळं समजावायला नको.

सर्वांत कठीण हिशेब गाभण मादीचा. तिचं मीलन वसंतात होतं, पण गर्भ लगेच रुजत नाही. शरीर शरदापर्यंत थांबतं. चरबी पुरेशी नसेल तर गर्भ धरतच नाही. पुरेशी असेल तर ती बिळात शिरते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात जेमतेम सहाशे ग्रॅमची पिल्लं जन्माला घालते. बाकीची अस्वलं बर्फावर परततात, तेव्हा ही बिळात दूध पाजत असते. बर्फावर येईपर्यंत तिच्या उपासाला आठ महिने झालेले असतात. म्हणून तुटवडा आला की मोठं अस्वल रस्त्यात कोसळून पडत नाही. पिल्लंच जन्मत नाहीत, नाहीतर जन्मून पुरेसं दूध न मिळाल्यानं जातात. याची चित्रफीत निघत नाही. २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार ३७ वर्षांत तिथल्या मादीचं सरासरी वजन ३९ किलोंनी घटलं आणि वर्षाच्या पिल्लाचं २६ किलोंनी. १९८७ मध्ये या गटात बाराशेच्या आसपास अस्वलं होती. २०१६ मध्ये ८४२ मोजली गेली, २०२१ मध्ये ६१८.

मग जमिनीवरचं काहीतरी खावं की त्यांनी, असं वाटतं. २०१९ ते २०२२ या उन्हाळ्यांत वीस अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून नेमकं हेच पाहिलं गेलं. काहींनी गवत, बेरी, समुद्री शेवाळ, पक्षी, हरणांची शिंगं, जे सापडेल ते चघळलं. काही नुसती पडून राहिली. एक तर १७५ किलोमीटर पोहत गेलं. दोघांना पाण्यात तरंगतं कलेवर मिळालं, पण त्यातलं फारसं पोटात गेलं नाही. वीसपैकी एकोणिसांचं वजन घटलं, सरासरी दिवसाला किलोभर. धावपळ करणारी आणि झोपून काढणारी, दोघांचं सारखंच. फराळ शोधण्यात जेवढं जळलं तेवढंच फराळातून मिळालं. आपल्याकडे एकादशीला दुप्पट खाता येतं, तिकडे ती सोय नाही.

या सगळ्याशी आपला काय संबंध, हा प्रश्न पत्रांतून येतोच. सरळ संबंध गोव्याचा आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २००८ पासून ‘हिमाद्री’ हे आपलं ठाणं चालवलं जातं. तिथे वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाच्या भीतीनं बंदूक चालवण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. याच केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये उत्तरेकडच्या कारा समुद्रातला घटता बर्फ आणि मध्य भारतात सप्टेंबरात कोसळणारा अतिरेकी पाऊस यांचा संबंध असू शकतो, असं मांडलं. ‘असू शकतो’ हे शब्द त्यांचे आहेत. त्या चित्रफितीखालच्या ओळीपेक्षा मला ते जास्त भरवशाचे वाटतात.

चर्चिलमध्ये मात्र कुणी ‘असू शकतो’ म्हणत बसत नाही. जेमतेम हजार वस्तीच्या त्या गावात लोक गाड्यांना कुलूप लावत नाहीत. अस्वल अंगावर आलं तर जवळच्या गाडीत घुसता यावं म्हणून. गावात शिरलेल्या अस्वलांसाठी एका जुन्या लष्करी इमारतीत २८ कोठड्यांचा तुरुंग आहे. कैद्याला पाणी मिळतं, अन्न मिळत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी ते आपणहून हजर होईल. नोव्हेंबर सरत आला की खाडीच्या टोकाशी बर्फ धरू लागतो, कारण नद्यांचं गोडं पाणी तिथे आधी गोठतं. अस्वलं किनाऱ्यावर जमतात, नर एकमेकांशी लुटुपुटीची कुस्ती खेळतात. मग एखादं पुढे होतं, नव्या बर्फावर पंजा ठेवून पाहतं, आणि बर्फ करकरला की मागे येऊन पुन्हा बसतं.