तळघर नव्हे, विहीर!

शहापूर-मुरबाडकडे वीकएंड बंगला बांधलेल्या मंडळींचं पावसाळी रडगाणं ठरलेलं: तळघरात पाणी आलं, पंप पुरत नाही. त्यावर कॉन्ट्रॅक्टरचं उत्तरही ठरलेलं: "साहेब, एकाऐवजी दोन एचपीचा टाकू." माझ्या मते हे शुद्ध फसवं उत्तर आहे. तिथे पंप कमी पडत नाही, तिथे अक्कल कमी पडलेली असते.

आपण खणतो कुठे ते तरी बघा! इथले बरेच प्लॉट पूर्वी भाताची खाचरं होती. खाचर म्हणजे पाणी साठावं म्हणूनच बांध घालून सपाट केलेली जमीन. वर माती-मुरूम, खाली कातळ. पाणी मुरतं, कातळाशी अडतं आणि उताराकडे आडवं सरकतं. तिथे आपण खड्डा खणतो, भिंती घालतो आणि बाहेरची फट सुट्या भरावाने बुजवतो. आजूबाजूचं पाणी त्या फटीत येऊन बसतं. गावात याला विहीर म्हणतात!

"पण एप्रिलमध्ये प्लॉट ठणठणीत कोरडा होता..." असणारच. भातसा-तानसाची धरणं असलेल्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात. त्याच शहापुरात ७ जुलै २०२४ ला भारंगी नदीचं पाणी वस्तीत घुसलं होतं. प्लॉट श्रावणात बघा आणि शेजारच्या विहिरीत डोकवा. पाणी काठाशी असेल तर तळघराबाहेरही साधारण तेवढंच उभं राहणार. एक मीटर पाण्याचा तळाशी दाब दर चौरस मीटरला एक टन. आतून मारलेलं वॉटरप्रूफिंग त्यापुढे काय टिकणार?

आता हिशोब. १०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. एवढं पाणी तासाभरात आलं, तर पंपाचा १,००० लिटरचा खड्डा सहा मिनिटांत भरतो. आणि जो पाऊस पाणी आणतो, तोच वीज घालवतो. एकाच मीटरवर दोन पंप लावणं म्हणजे बॅकअप त्याच हार्डडिस्कवर ठेवणं. त्यात पंपाचा पाइप भिंतीलगतच्या बागेत सोडलेला असेल तर बघायलाच नको, तेच पाणी गोल फिरतं.

मग करायचं काय? छताचं पाणी पाइपाने लांब न्या. अंगणाला भिंतीपासून बाहेर उतार द्या. वरच्या अंगाला कातळापर्यंत चर खणा, त्यात खडी आणि भोकांचा पाइप घाला आणि त्याचं तोंड खालच्या ओढ्यात काढा (शेजाऱ्याच्या शेतात नव्हे!). गुरुत्वाकर्षणाला लोडशेडिंग नसतं. पंप त्यानंतर, तोही बॅटरीवर. तळघर तुडुंब भरलं असेल तर एका दमात उपसू नका. बाहेरचा दाब तसाच असतो, भिंत आत येऊ शकते. बोर्ड पाण्यात असेल तर मेन बंद केल्याशिवाय पाऊलही टाकू नका. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. पाणी शिरायला लागल्यावर हाताशी फार वेळ नसतो.

आणि पाणी उताराने बाहेर काढायला जागाच नसेल, तर तळघर बांधूच नका. मुंबईत जागा नाही म्हणून माणूस जमिनीखाली जातो, हे समजू शकतो. दहा गुंठ्यांचा मालक खाली कशाला जातो? त्या पैशात जोतं तीन फूट उंच करा की राव!