राहते घर कोणाचे?

लग्नकार्य असो की गणेशोत्सवाचा मांडव, आपल्या समाजात चार मंडळी जमली की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "पेशी कधी आहे?" विचारणारा हळू आवाजात विचारतो आणि ज्याला विचारले तो इकडेतिकडे पाहून तारीख सांगतो. सख्खे भाऊ एकाच पंगतीला बसत नाहीत, बहीण माहेरच्या गल्लीत येऊन मैत्रिणीकडे उतरते, आणि या सगळ्याच्या मुळाशी असते आजोबा-पणजोबांनी बांधलेले एक घर. या विषयावर चारचौघांत बोलणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही. म्हणूनच आम्हाला त्यावर उघडपणे लिहिणे आवश्यक वाटते.

१८१८ साली मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. दरबाराच्या आधाराने कोणी कारकुनीसाठी, कोणी शिलेदारीसाठी, पुढे कोणी वकिलीसाठी, कोणी शाळामास्तर म्हणून येथे आले व स्थिरावले. त्या पिढ्यांनी मोठ्या कष्टाने घरे उभी केली. त्या घरांत आज चौथी-पाचवी पिढी आहे. एक भाऊ इंदुरात, दुसरा पुण्यात, तिसऱ्याची मुले अमेरिकेत, दोन बहिणी सासरी, अशी बहुतेक घरांची स्थिती. वारस वाढले, घर तेवढेच राहिले. जो इंदुरात राहिला तो त्या घरात राहतो आणि बाकीच्यांची नावे फक्त वंशावळीत. वाद येथे सुरू होतो. तो काही गरीब-श्रीमंत पाहत नाही. शेजारच्या ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात मालमत्तेवरून मायलेकांमध्ये उभा राहिलेला वाद दोघेही २००१ साली निवर्तल्यानंतर पुढच्या पिढीच्या पदरी आला.

या वादांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, असे आमचे निरीक्षण आहे. घराची मालकी ही एक गोष्ट आणि त्या घरात राहण्याचा हक्क ही दुसरी. मालकी नसतानाही राहण्याचा हक्क असू शकतो, आणि वर्षानुवर्षे राहूनही मालकी मिळत नाही. हे समजून न घेतल्यामुळे निम्मे वाद चिघळतात.

प्रथम मुलींचे पाहू. "आपल्यात मुलींना घरात वाटा देण्याची पद्धत नाही" हे वाक्य आम्ही अनेक बैठकांतून ऐकले आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९५६ पूर्वी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाऊन वसलेले हिंदू कुटुंब आपला मूळचा वारसा कायदा सोबत घेऊन जाते, असे न्यायालये मानीत. म्हणजे माळव्यात आलेले दक्षिणी कुटुंब दक्षिणेचा कायदा घेऊन आले. त्या मुंबईकडील परंपरेत, मुलगा व विधवा नसताना, मुलीकडे आलेली मालमत्ता पूर्ण मालकीने तिची होत असे. इतर बहुतेक प्रांतांत तोच हक्क तिच्या हयातीपुरता होता. तेव्हा मुलीचा हक्क आपल्या परंपरेला अगदीच परका होता असे म्हणता येत नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात विधवा, आई, मुलगे व मुली यांना सारखा वाटा दिला. पण त्याच कायद्याच्या कलम २३ ने राहत्या घरापुरती मेख मारून ठेवली. भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत बहिणीला वाटणी मागता येत नसे. त्या घरात राहण्याचा हक्कही फक्त अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून विभक्त झालेल्या मुलीलाच होता. थोडक्यात, वाटा कागदावर आणि किल्ली भावाच्या कमरेला. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम रद्द झाले. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ साली वडील हयात असण्याची अट त्याला नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरून काढता येत नाही. "आमची तोंडी वाटणी पूर्वीच झाली होती" या बचावावर न्यायालय सहजी विश्वास ठेवीत नाही, त्याला पक्का सार्वजनिक पुरावा लागतो.

आता घरात राहणाऱ्या भावाकडे वळू. त्याचे म्हणणे असते, "मी तीस वर्षे येथे राहतो, कर मी भरतो, नगर निगमात नामांतरण माझ्या नावाने आहे, मग घर माझेच." कायद्यात हे टिकत नाही. नामांतरण हे कर वसुलीपुरते असते, त्याने मालकी सिद्ध होत नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून, त्यांना माहीत असताना, बारा वर्षे विरोधी ताबा ठेवल्याचे सिद्ध केल्याखेरीज मुदतीच्या जोरावर घर त्याचे होत नाही. गोव्यातील एका बहीण-भावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये याच धर्तीचा निकाल दिला. घर बहिणीचे होते आणि भाऊ तेथे राहत होता. मोबदला न देता, नात्यापोटी किंवा राखणदार म्हणून राहणाऱ्याला कितीही वर्षे गेली तरी त्या घरात हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयाने बजावले.

पण याची दुसरी बाजूही आम्ही तितक्याच स्पष्टपणे मांडू इच्छितो. जो भाऊ राहिला त्याने आईवडिलांची आजारपणे काढली, गळके छप्पर शाकारले, श्राद्धपक्ष सांभाळले. बाहेरगावी गेलेल्यांना हे दिसत नाही, आणि घराला भाव आला की मात्र वाट्याची आठवण होते. सेवेच्या बदल्यात कायदा मोठा वाटा देत नाही. दुरुस्तीचा व कराचा खर्च मात्र वाटणीच्या हिशेबात मांडता येतो, पावत्या जपून ठेवल्या असतील तर. शिवाय अशा सहहिस्सेदाराला कुलूप बदलून किंवा सामान रस्त्यावर काढून हुसकता येत नाही. कायदेशीर मार्ग सोडून कोणाला घराबाहेर काढले तर मालकीच्या प्रश्नात न शिरता सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा लावता येतो.

सुनेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला. परंतु पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ संकुचित केला आणि सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क नाही, असा निकाल दिला. त्यानंतर घर आईच्या किंवा वडिलांच्या नावे आहे, एवढे सांगून सुनेला बाहेरची वाट दाखवता येऊ लागली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती चूक सुधारली. सून संसार थाटून ज्या घरात राहिली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी तिच्यासाठी ते सामायिक घर ठरू शकते. मात्र हा हक्क डोक्यावरच्या छपरापुरता आहे. त्याने मालकी मिळत नाही, आणि योग्य प्रसंगी न्यायालय तिची सोय दुसरीकडे करण्याचा आदेश देऊ शकते.

ज्येष्ठांसाठी २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्याचे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. मुलांनी घरातच छळ मांडला तर ज्येष्ठांना तेथे दाद मागता येते आणि गरज असेल तर मुलांना घर सोडण्याचा आदेशही होऊ शकतो. मात्र सुनेला काढण्यासाठी या कायद्याचा आडमार्ग वापरता येणार नाही, दोन्ही कायदे जुळवून पाहावे लागतील, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. ते आम्हाला योग्य वाटते.

आपल्याच राज्यातील छतरपूरचे प्रकरण प्रत्येक ज्येष्ठाने लक्षात ठेवावे. एका आईने २०१९ साली आपले घर मुलाला दानपत्राने दिले. अखेरपर्यंत सांभाळ करण्याचे वचनपत्रही झाले होते, असे तिचे म्हणणे. सांभाळ झाला नाही. खालच्या अधिकाऱ्यांनी व उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी आईच्या बाजूने निर्णय दिला, पण खंडपीठाने तो फिरवला. शेवटी २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दानपत्र रद्द ठरवून घराचा ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला. आई जिंकली खरी, परंतु त्यासाठी तिला दिल्लीपर्यंत जावे लागले. डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सांभाळाची अट सिद्ध होत नाही म्हणून रद्दबातलीची मागणी फेटाळली होती. तेव्हा हयातीत घर मुलाच्या नावे करून देण्याची घाई करू नये, आणि करायचेच असेल तर सांभाळाची अट व स्वतःचा आजन्म राहण्याचा हक्क रजिस्ट्रीच्या कागदातच लिहून घ्यावा.

या घरगुती भांडणावर टपून बसलेला तिसरा पक्षही आहे. बाजाराच्या लगतच्या जुन्या घरांना सोन्याचा भाव आला आहे. एखाद्या नाराज हिस्सेदाराला गाठून त्याचा अविभक्त हिस्सा विकत घ्यायचा आणि मग बाकीच्यांना नकोसे करून सोडायचे, ही काही बिल्डरांची जुनी रीत. येथे कायदा कुटुंबाच्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला कुटुंबाबरोबर त्या घरात राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला तर कुटुंबातील हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घेण्याची मुभा १८९३ च्या वाटणी कायद्याने दिली आहे. धमकीला घाबरून सह्या करण्यापूर्वी वकिलाकडे जावे.

मग खटला हाच मार्ग का? आम्हाला तसे वाटत नाही. वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा, मग कमिशनरची पाहणी, मग अंतिम हुकूमनामा, आणि प्रत्येक टप्प्यावर अपील. शेवटी वीस बाय साठचा मकान नऊ वारसांत वाटता येत नाही म्हणून विक्रीला निघतो. तोपर्यंत भिंतींत पिंपळ उगवतो आणि नगर निगमाची जीर्ण घराची नोटीस दारावर लागते. जिंकलेल्याच्या हाती येते ते फक्त मोकळे आवार.

याउलट कौटुंबिक समझोत्याकडे न्यायालये नेहमीच अनुकूल दृष्टीने पाहतात. त्यात अनेक वाटा असतात. राहणाऱ्याने राहावे व इतरांना ठरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने द्यावी. विधवा वहिनीला किंवा एकट्या बहिणीला तिच्या हयातीपर्यंत एक खोली राखून ठेवावी. घर पुन्हा बांधले तर कोणाला कोणता मजला, हे आधीच ठरवावे. जे ठरेल त्याची रीतसर नोंदणी करावी. दावा आधीच लागला असेल तर लोक अदालतीत तडजोड करता येते. तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही तडजोड सुचवणार नाही. बहिणीकडून राखीपौर्णिमेच्या आसपास हकत्यागाच्या कागदावर सही घेण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिने आपला वाटा किती, त्याची किंमत काय, हे समजून, आपल्या मनाने सोडावा. "माहेर तुटेल" या भीतीने घेतलेली सही म्हणजे त्याग नव्हे.

शासनाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. महाराष्ट्राने २०१५ साली राहते घर मुलगा, मुलगी, नातवंडे अशा जवळच्या नात्यात दान करताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये केले, स्थानिक अधिभार तेवढा वेगळा. मध्यप्रदेशातही कुटुंबातल्या कुटुंबात होणारे दान, वाटणी व हकत्याग यांना असेच ठरावीक, नाममात्र शुल्क असावे. खर्चाच्या धास्तीने कागद टळतात आणि टळलेल्या कागदांतूनच दावे जन्मतात. दुसरे म्हणजे, ज्येष्ठांच्या न्यायाधिकरणाचे काम बंदोबस्त व निवडणुका सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या सवडीवर सोडू नये. इंदूरसारख्या शहरात त्यासाठी आठवड्याचे ठरलेले दिवस असावेत. मते मागायला आपल्या दारी येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला या दोन मागण्यांबद्दल अवश्य विचारावे.

मंडळाकडूनही आमची अपेक्षा आहे. आपल्या समाजात निवृत्त न्यायाधीश, वकील, सनदी लेखापाल यांची वाण नाही. त्यांच्यातील तीन-चार जाणत्यांनी, त्यात किमान एक स्त्री असावी, महिन्यातून एक दिवस अशा कुटुंबांसाठी द्यावा. निर्णय लादू नये, फक्त दोन्ही बाजूंना एका टेबलापाशी बसवावे.

येत्या दिवाळीत पुण्या-मुंबईची व परदेशची मंडळी घरी येतील तेव्हा वडीलधाऱ्यांनी एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवावी. जुनी सनद, रजिस्ट्री, कराच्या पावत्या बाहेर काढाव्यात, मुली-सुनांनाही त्या बैठकीत बसवावे आणि आपल्या मागे कोण कोठे राहील हे स्वतःच्या तोंडाने सांगून दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र लिहून ठेवावे. वडील हयात असताना जे एका संध्याकाळी मिटते, ते त्यांच्या मागे वीस वर्षांत मिटत नाही.

— संपादक मंडळ