विश्लेषण : तळीरामाचा पहिला गुन्हा कोणत्या दप्तरात दिसतो?

गटारी, धुळवड किंवा ३१ डिसेंबर झाला की दुसऱ्या दिवशी एक आकडा हमखास छापून येतो : रात्रभरात इतक्या तळीरामांवर कारवाई. आकडा वाचून लोक हसतात, दोन दिवसांत विसरतातही. पण त्या आकड्यातील एखादा चालक दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा दारूच्या नशेत सापडला, तर तिथल्या न्यायालयाला त्याचा हा दुसरा गुन्हा असल्याचे कळेल का? कायद्यात दुसऱ्या गुन्ह्यासाठी अधिक कडक शिक्षा आहे. ती द्यायची तर आधी पहिली नोंद सापडायला हवी, आणि ती नोंद एका जागी मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुढच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सिग्नल तोडल्याचा दंड ऑनलाइन भरून प्रकरण मिटवता येते, तसे इथे चालत नाही. हा गुन्हा तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नाही. त्यामुळे प्रकरण न्यायालयातच जाते.

दंडाच्या रकमेची चर्चा होते, लायसन्सचे काय होते याची फारशी होत नाही. कलम २० नुसार दोषी ठरलेल्या चालकाला न्यायालयाने किमान ६ महिन्यांसाठी वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचे असते. कलम २२ नुसार तोच माणूस १८५ खाली पुन्हा दोषी ठरला तर न्यायालयाने त्याचे लायसन्स रद्द करायचे असते. इथे कायद्याने ‘करू शकते’ म्हटलेले नाही, ‘करावे’ म्हटले आहे. मात्र वाढीव शिक्षा मागायची तर आधीची शिक्षा केव्हा आणि कोणत्या न्यायालयात झाली हे सरकार पक्षाला मांडावे लागते आणि सिद्धही करावे लागते. पहिल्या निकालाचा कागद हाती नसेल, तर दुसरा गुन्हा कागदोपत्री पहिलाच ठरतो.

नोंद नेमकी कुठे असते?

ती तीन दप्तरांत विखुरलेली असते. पहिले दप्तर पोलिसांचे. नाकाबंदीत श्वास चाचणी होते, यंत्रातून आकड्याची पावती निघते, कारवाईची नोंद होते. अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, अन्यथा चालकाला सोडावे लागते. दुसरे दप्तर न्यायालयाचे. तिथे खटला दाखल होतो आणि निकाल लागतो. तिसरे दप्तर आरटीओचे, म्हणजे लायसन्सच्या नोंदीचे.

या तिन्ही ठिकाणी एकाच माणसाची ओळख वेगवेगळ्या खुणेने ठेवलेली असते. ई-चलन गाडीच्या क्रमांकाला चिकटते. न्यायालयातील खटला नावाने आणि खटला क्रमांकाने शोधला जातो. आरटीओची नोंद लायसन्स क्रमांकावर चालते. मालकाची गाडी पगारी चालक चालवत असेल, तर गाडीच्या क्रमांकावरून निघणारी चलनांची यादी त्या चालकाविषयी फारसे काही सांगत नाही. तो नोकरी सोडून गेला की यादी मालकाकडेच राहते.

न्यायालयातील नोंद कशी शोधायची?

ई-कोर्ट्स सेवेचे संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप सर्वांना मोफत खुले आहे. सीएनआर क्रमांक माहीत असेल तर काम सोपे असते. हा १६ अक्षरे-अंकांचा क्रमांक प्रत्येक खटल्याला स्वतंत्र मिळतो. सुरुवातीची अक्षरे राज्य आणि जिल्हा दाखवतात, शेवटचे चार अंक वर्ष. स्वतःच्या खटल्याची पुढची तारीख पाहायची असेल तर एवढा क्रमांक पुरतो.

क्रमांक नसेल तर आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकावे लागते. अडचण इथे सुरू होते. शोध त्या संकुलापुरताच चालतो. पुण्यातील यादीत नाव नाही, याचा अर्थ नाशिक किंवा ठाण्यातही नाही असा होत नाही. नावे इंग्रजी अक्षरांत नोंदवलेली असतात आणि एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंग सापडतात. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. शिंदे, पवार, जाधव अशी आडनावे टाकली की मोठी यादी समोर येते आणि त्यातला आपला माणूस कोणता, हे नावावरून ठरवता येत नाही. नावसाधर्म्यावरून कोणाला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे आणि ते अब्रुनुकसानीपर्यंतही जाऊ शकते.

वाहतूक चलनांसाठी व्हर्च्युअल कोर्टाचे वेगळे संकेतस्थळ आहे. तिथे किरकोळ, दंड भरून मिटणारी प्रकरणे असतात. तिथे काही दिसले नाही म्हणून १८५ चा खटला नाही, असे समजू नये.

सापडलेली नोंद वाचायची कशी?

पहिली खूण खटल्याच्या प्रकाराची. ‘एससीसी’ म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला आणि ‘आरसीसी’ म्हणजे नियमित फौजदारी खटला. दुसरी खूण कलमांची. फक्त १८५ असेल तर प्रकरण बहुधा नाकाबंदीतले. त्याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेची २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे), १०६ (हयगयीने मृत्यू) किंवा १०५ (सदोष मनुष्यवध) अशी कलमे असतील तर अपघात झालेला असू शकतो. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांत याच गुन्ह्यांसाठी भारतीय दंड संहितेची २७९, ३०४ अ आणि ३०४ ही कलमे दिसतील.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची खूण म्हणजे प्रकरणाची स्थिती. ‘प्रलंबित’ म्हणजे दोषी नव्हे. ‘निकाली’ म्हणजेही दोषी नव्हे. निकाल गुन्हा कबूल केल्याने लागला, सुनावणीनंतर लागला, निर्दोष सुटका झाली की कार्यवाही थांबवली गेली, हे पुढे पाहावे लागते. खात्री हवी असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी. खटल्यात पक्षकार नसलेल्या व्यक्तीला त्यासाठी कारण द्यावे लागते.

एका पायरीवरचा निकाल हा शेवटचा निकाल नसतो. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये भरधाव मोटारीखाली फुटपाथवर झोपलेल्या ७ मजुरांचा जीव गेला. ॲलिस्टर परेरा या चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल आढळले, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये ६ महिन्यांची शिक्षा दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती ३ वर्षांची केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. फक्त पहिल्या न्यायालयाची नोंद पाहणाऱ्याला ६ महिनेच दिसले असते.

नोंदीचा पाया असलेली चाचणीही निर्दोष असावी लागते. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणाऱ्या पोर्शे अपघातानंतर अल्पवयीन चालकाचा रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला आणि डॉक्टरांना अटक झाली. नमुनाच खोटा असेल तर पुढची सगळी दप्तरे खोटीच बोलतात. अल्पवयीनांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बाल न्याय कायद्यानुसार त्यांची ओळख उघड करता येत नाही. त्यांची प्रकरणे नावाने शोधू नयेत.

लायसन्सवर काय दिसते?

परिवहन विभागाच्या ‘सारथी’ प्रणालीत लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की लायसन्स चालू आहे का, मुदत कधीपर्यंत आणि कोणत्या वाहनांसाठी आहे हे कळते. खटल्यांची यादी तिथे नसते.

निलंबन दोन मार्गांनी होते. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि आरटीओ कलम १९ खाली कारवाई करते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच अशा प्रकरणांत किमान ३ महिने निलंबनाच्या सूचना दिल्या होत्या. दुसरा मार्ग न्यायालयाच्या अपात्रतेचा. पहिल्या मार्गाने लायसन्स निलंबित झाले म्हणजे माणूस न्यायालयात दोषी ठरला असे नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

अपात्रतेच्या आदेशाचा शेरा लायसन्सवर नोंदवायचा असतो. नवे किंवा दुय्यम लायसन्स काढले तरी तो पुढे जातो. नवा शेरा न पडता, अपात्रतेचा काळ वगळून ३ वर्षे गेली की चालकाला कोरे लायसन्स मागता येते. दुसरीकडे ॲप टॅक्सी कंपन्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत चालक गेल्या ७ वर्षांत नशेत वाहन चालवल्याबद्दल दोषी ठरलेला नसावा, अशी अट होती. अट ७ वर्षांची आणि शेरा ३ वर्षांचा. मधल्या ४ वर्षांसाठी लायसन्सकडे पाहून काही कळणार नाही.

चालक ठेवताना काय पाहावे?

घरचा चालक, शाळेच्या व्हॅनचा चालक किंवा सोसायटीतील बस ठेवताना लायसन्सची झेरॉक्स घेऊन थांबू नये. त्याच्यासमोर, त्याच्या संमतीने ‘सारथी’वर स्थिती तपासावी. पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागावे. तो ज्या जिल्ह्यांत राहिला आणि गाडी चालवली, तिथली ई-कोर्ट्स नोंद पाहावी. नाव सापडले तर पत्ता आणि वडिलांचे नाव जुळते का, हे त्यालाच विचारावे. माहिती अधिकारात अर्ज करून दुसऱ्याची नोंद सहसा मिळत नाही, कारण वैयक्तिक माहितीला त्या कायद्यात सूट आहे.

मग करायचे काय?

ही कसरत नागरिकाने करावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. गृह खात्याच्या आयसीजेएस प्रणालीत पोलीस, न्यायालय, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील हे पाच खांब एकमेकांना जोडण्याचे काम झाले. परिवहन विभाग त्या पाचांत नाही. तरी ई-चलन आणि व्हर्च्युअल कोर्ट यांची जोडणी झालेलीच आहे. दंडवसुलीसाठी दोन प्रणाली एकमेकींशी बोलू शकतात, तर लायसन्स रद्द करण्यासाठी का नाही? अडचण तंत्रज्ञानाची नसून प्राधान्याची आहे.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. १८५ च्या प्रत्येक खटल्यात लायसन्स क्रमांक हा सक्तीचा रकाना असावा. दोषसिद्धीचा आदेश निघताच तो ‘सारथी’त आपोआप नोंदला जावा आणि तपास अधिकाऱ्याला राज्यभरातील आधीची नोंद एका शोधात मिळावी. तिसरी गोष्ट चालकाच्या हिताची आहे. स्वतःची नोंद दाखवणारे प्रमाणपत्र त्याला स्वतःच काढता यावे आणि मालकाला त्याच्या संमतीने तपासता यावे. त्यात फक्त अंतिम दोषसिद्धी असावी. प्रलंबित खटले आणि निर्दोष सुटका त्यात नसावी. सगळ्यांची नावे चव्हाट्यावर मांडण्यापेक्षा हा मार्ग न्याय्य आहे आणि नावसाधर्म्याचा घोळही त्याने मिटतो.

पुढच्या ३१ डिसेंबरनंतर पुन्हा तळीरामांचा आकडा छापून येईल. त्यातले किती जण दुसऱ्यांदा सापडले आणि त्यांतल्या कितींचे लायसन्स न्यायालयाने रद्द केले, हे आकडेही त्याच बातमीत मागायला हवेत.