'निर्मनुष्य' या शब्दाविरुद्ध

मराठीत 'बेट' हा शब्द आला की त्याच्यामागोमाग 'निर्मनुष्य' हे विशेषण न बोलावता येते. लहानपणी वाचलेल्या जहाजफुटीच्या गोष्टींनी ही जोडी आपल्या कानांत इतकी घट्ट बसवली आहे की तिच्यात काही खटकण्यासारखे असेल, अशी शंकाही मनात येत नाही. परंतु विशेषणे निरुपद्रवी नसतात. एखादी भूमी प्रत्यक्ष हातात येण्याच्या पुष्कळ आधी ती भाषेत रिकामी केली जाते, आणि ते काम करणारे सगळेच काही लोभी नसतात. त्यांत प्रवासवर्णनकार असतात, निसर्गप्रेमी असतात, पर्यटनाच्या पुस्तिका लिहिणारे असतात आणि सरकारी अहवालांचे लेखकही असतात. या शब्दाने नेमके काय साधले जाते, हे पाहायचे असेल तर दूर पॅसिफिकमध्ये जाण्याचे कारण नाही. आपल्याच नकाशाच्या तळाशी असलेले एक गाव त्यासाठी पुरेसे आहे.

त्या गावाचे नाव कॅम्पबेल बे. ग्रेट निकोबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे छोटे बंदर-गाव. उत्तरेला पाचशेहून अधिक किलोमीटरवर श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. दक्षिणेला मात्र सुमात्रा त्याहून कितीतरी जवळ. गंभीर आजारी माणसाला इथून पोर्ट ब्लेअरला न्यावे लागते, आणि तिथे जायचे तर बोटीची नाही तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ९१० चौरस किलोमीटरच्या या बेटावर जेमतेम आठ हजार माणसे होती आणि त्यांतली बहुसंख्य कॅम्पबेल बे व आसपासच्या वस्त्यांत राहत होती. चौरस किलोमीटरला नऊ माणसे! मुंबईच्या किंवा दिल्लीच्या डोळ्यांना हा आकडा 'कोणीच नाही' असाच दिसतो. या गावाची खरी शोकांतिका इथूनच सुरू होते.

हे गाव वसले कसे? १९६९ पासून पुढे दहा-अकरा वर्षे केंद्र सरकारने माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे बेटावर आणून वसवली. सीमेवरचे बेट ओस ठेवू नये, हा त्यामागचा विचार. पंजाब, केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि महाराष्ट्र अशा निरनिराळ्या प्रांतांतून ही माणसे आली. जंगल तोडून त्यांनी शेते काढली, नारळ-सुपारी लावली. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर गांधीनगर, शास्त्रीनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गोविंदनगर, जोगिंदरनगर अशी गावे उभी राहिली. त्यांत मराठी घरेही होती. आता मराठी साहित्याच्या अभिमान्यांना एक साधा प्रश्न: या घरांविषयी आपण काय वाचले आहे? मराठी वाचकाचे अंदमान सेल्युलर जेलच्या दाराशी सुरू होते आणि तिथेच संपते. 'माझी जन्मठेप' आणि 'काळे पाणी' यांनी त्या तुरुंगाला आपल्या मनात अढळ जागा दिली, ते योग्यच झाले. पण द्वीपसमूह म्हणजे तेवढाच तुरुंग, ही समजूत त्या ग्रंथांची नव्हे. ती आपल्या आळसाची आहे. दहा अंशाच्या खाडीच्या दक्षिणेस मराठी माणूस अर्धशतकाहून अधिक काळ नांगर धरून राहिला, तरी मराठी पुस्तकांच्या जगात तिथे अजून समुद्रच आहे.

हे झाले आणून वसवलेल्यांचे. त्यांच्या आधी तिथे कोणी नव्हते काय? होते, आणि फार पूर्वीपासून होते. अकराव्या शतकातील तंजावरच्या चोळ शिलालेखात निकोबारचे 'नक्कवारम' हे नाव येते. अठराव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कने या बेटांवर हक्क सांगितला आणि आपल्या राजाचे नाव त्यांना दिले. पुढे शंभरएक वर्षे त्यांनी वसाहत रुजवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा केले, मलेरियाने ते प्रत्येक वेळी मोडून काढले, आणि १८६८ मध्ये त्यांनी आपले हक्क ब्रिटिशांना विकून टाकले. वसाहतकारांच्या लेखी ही भूमी 'राहण्यास अयोग्य' ठरली. त्याच वेळी त्याच भूमीवर किनाऱ्याला निकोबारी आणि आतल्या अरण्यात शोंपेन पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. आपल्या केवड्याच्या कुळातल्या एका झाडाचे मोठे फळ हे त्यांचे मुख्य अन्न. किनाऱ्यावरच्या नारळाच्या बागा ही निकोबारींची संपत्ती. म्हणजे 'राहण्यास अयोग्य' याचा अर्थ 'आम्हांला राहण्यास अयोग्य' एवढाच होता. 'आम्हांला' हा शब्द तेवढा सोयीने गळला.

नकाशावरची नावे पाहिली तरी हीच गोष्ट दिसते. कॅम्पबेल हे नाव इंग्रजी. गॅलाथिया हे नाव १८४६ मध्ये इथे येऊन गेलेल्या डॅनिश जहाजाचे. दक्षिण टोकाला पूर्वी पिग्मॅलियन पॉइंट म्हणत. १९८० च्या दशकात त्याचा इंदिरा पॉइंट झाला. गांधीनगर, शास्त्रीनगर, राजीवनगर ही नावे तर दिल्लीहून आली. चिंगेन, कोकेऑन, पुलो बाहा, इन हेंग लोई ही निकोबारी गावांची स्वतःची नावे. ती मात्र आपल्या कानांवर कधी पडलीच नाहीत. ज्या गावाचे नाव आपल्याला उच्चारता येत नाही, ते उठवल्याची बातमी आपल्याला कशी कळावी?

२६ डिसेंबर २००४ रोजी भूकंप आणि त्सुनामी यांनी हा किनारा उद्ध्वस्त केला. बेटाचे दक्षिण टोक सुमारे सव्वाचार मीटर खचले. इंदिरा पॉइंटचे दीपगृह पाण्यात उभे राहिले आणि त्याच्याजवळची छोटी वस्ती नाहीशी झाली. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांवरची निकोबारी गावे वाहून गेली. वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळ राजीवनगर आणि न्यू चिंगेन इथे आणून ठेवण्यात आले. ही सोय तात्पुरती आहे, अशी त्यांची समजूत होती. आपापल्या गावी परत जाऊ द्या, हे त्यांचे मागणे त्यानंतर वर्षानुवर्षे चालू राहिले. त्या 'न्यू' शब्दाकडे जरा थांबून पाहावे. सरकारच्या कागदात पुनर्वसन पुरे झाले. माणसांच्या मनात जुने चिंगेन तसेच राहिले. आणि ती माणसे तिथे नाहीत म्हणून जुने चिंगेन आता, अर्थातच, 'निर्मनुष्य' ठरले.

या ठरण्याचा उपयोग लवकरच झाला. नीती आयोगाच्या पुढाकाराने 'ग्रेट निकोबारचा सर्वांगीण विकास' या नावाची योजना आखली गेली. गॅलाथियाच्या उपसागरात मालाची जहाजबदल करणारे प्रचंड बंदर, आंतरराष्ट्रीय विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे शहर, असा सुमारे ७२ हजार कोटींचा आराखडा. त्यासाठी सुमारे १६६ चौरस किलोमीटर जमीन, त्यातली १३० चौरस किलोमीटर अरण्याची. तोडाव्या लागणाऱ्या झाडांचा सरकारचा स्वतःचा अंदाज ९ लाख ६४ हजार. अरण्याची भरपाई म्हणून झाडे लावायची ती हरियाणात! विषुववृत्ताजवळच्या वर्षावनाच्या बदल्यात अरवलीच्या छायेतली रोपे. हा हिशेब मांडणाऱ्याला झाड म्हणजे एक आकडा वाटत असला पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये गॅलाथिया उपसागराचे अभयारण्य रद्द करण्यात आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सागरी कासव कृती आराखड्यात हाच किनारा महत्त्वाच्या स्थळांत गणलेला आहे. या वाळूत चामडी पाठीची महाकाय कासवे अंडी घालतात. सरकारच्या एका हाताने काय लिहिले ते दुसऱ्या हाताने वाचले नाही, की वाचूनच पुसले, हे वाचकांनी ठरवावे.

या नव्या शहराची लोकसंख्या पुढे साडेतीन लाखांपर्यंत जाईल, असे आराखड्यातच गृहीत आहे. आजच्या चाळीसपटीहून अधिक. २०११ च्या जनगणनेत शोंपेन होते २२९. ते बाहेरच्या जगाशी फार थोडा संबंध ठेवतात. बाहेरच्या साध्या आजारांपासूनही त्यांना धोका आहे. मोठे प्रकल्प विचारात घेताना शोंपेनांचे हित आणि त्यांच्या समाजाची अखंडता यांना अग्रक्रम द्यावा, असे २०१५ चे शासकीय धोरणच सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेरा देशांतील ३९ वंशसंहार-अभ्यासकांनी राष्ट्रपतींना उघड पत्र लिहून हा प्रकल्प शोंपेनांसाठी मृत्युदंड ठरेल असा इशारा दिला. आणि निकोबारी? त्यांच्या जनजाती परिषदेने आधी संमती दिली होती. पण आपली पूर्वजांची गावे प्रकल्पाच्या हद्दीत जातात हे कळल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने ती लेखी मागे घेतली. संमती मागे घेणे ही फार स्पष्ट भाषा आहे. ती समजण्यासाठी निकोबारी यावी लागत नाही.

दुसरी बाजू काय म्हणते, तेही नीट ऐकले पाहिजे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या बेटाकडे देशाने दुर्लक्ष करावे काय? करू नये. पण संरक्षणाची गरज आणि साडेतीन लाखांचे शहर या दोन गोष्टी एका श्वासात उच्चारल्याने एक होत नाहीत. कॅम्पबेल बे इथे नौदलाचा 'आयएनएस बाझ' हा हवाई तळ २०१२ पासूनच कार्यरत आहे. तो वाढवायचा तर त्याची स्वतंत्र चर्चा होऊ शकते. भारताचा माल कोलंबो-सिंगापूरला जहाज बदलतो, त्यात पैसा बाहेर जातो, हा मुद्दाही खोटा नाही. मात्र दोन दशकांपूर्वी जो किनारा चार मीटर खचला, तोच किनारा त्यासाठी निवडावा, यातली घाई अर्थशास्त्राने समजत नाही. तो किनारा रिकामा दिसतो, हे त्याचे खरे उत्तर आहे.

सर्वांत अवघड आक्षेप कॅम्पबेल बेमधूनच येतो. तिथल्या माजी सैनिकांच्या मुला-नातवंडांना चांगले रुग्णालय हवे आहे, वेळेवर बोट हवी आहे, काम हवे आहे. २०२० मध्ये समुद्राखालची केबल पोहोचली, तेव्हा तिचे त्यांनी स्वागतच केले असणार. त्यांच्या या मागण्यांना शहरी पर्यावरणवाद्यांनी नाक मुरडणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. पण रुग्णालय मिळण्यासाठी अरण्य द्यावे लागेल, ही अट कोणी आणि केव्हा घातली? आठ हजार माणसांच्या बेटाला डॉक्टर देण्यासाठी ७२ हजार कोटी लागत नाहीत. शिवाय ज्यांना एकदा 'सीमेचे रक्षक' म्हणून सन्मानाने बोलावले, त्यांच्याच गांधीनगर-शास्त्रीनगर भागातली जमीन विमानतळाच्या आराखड्यात आली. जंगल तोडून शेत करणारा आता स्वतःच प्रकल्पग्रस्त होण्याच्या रांगेत आहे. 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द मराठी माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता थोडे आपल्या बाजूच्या लोकांविषयी. पुण्याच्या 'कल्पवृक्ष' संस्थेशी दीर्घकाळ निगडित असलेले पंकज सेखसरिया यांनी या द्वीपांवर वर्षानुवर्षे चिकाटीने लिहिले. 'द ग्रेट निकोबार बिट्रेयल' हे त्यांनी संपादित केलेले पुस्तक २०२४ मध्ये आले. ते सारे इंग्रजीत. मराठीत या विषयावर जे तुरळक लिहिले जाते त्यात 'अस्पर्श', 'कुमारी अरण्य', 'भूतलावरचा स्वर्ग' अशा शब्दांचा सुकाळ असतो. बेट वाचवण्यासाठी लिहिणारे हे शब्द, बेट घेणाऱ्यांच्या शब्दांचे सख्खे भाऊ आहेत. अस्पर्श म्हणजे ज्याला कोणाचा हात लागला नाही ते. मग निकोबारींनी लावलेल्या नारळांचे काय? शोंपेनांच्या वाटांचे काय? एकजण म्हणतो, इथे कोणी नाही, म्हणून बांधा. दुसरा म्हणतो, इथे कोणी नाही, म्हणून जपा. भांडण दोघांचे आहे, पण जमीन साफ दोघांनीही केली. त्यातून निकोबारी माणसाला फार तर कासवांच्या यादीत एक जागा मिळते.

म्हणून मागणे अगदी साधे आहे. या बेटाविषयी मराठीत जो कोणी यापुढे लिहील, मग तो प्रकल्पाच्या बाजूचा असो वा विरुद्ध, त्याने आधी तिथल्या माणसांची गणती करावी. कॅम्पबेल बेला 'देशाचे शेवटचे टोक' म्हणण्याचे सोडावे. तिथे राहणाऱ्याच्या घरापासून पाहिले तर शेवटचे टोक दिल्ली आहे. राजीवनगरला राजीवनगर जरूर म्हणावे. पण तिथली माणसे कोणत्या गावाहून आली तेही सोबत लिहावे. यातून बंदर थांबेलच असे नाही, आणि शब्दांनी बंदरे थांबतात असा माझा भाबडा समज नाही. परंतु उद्या चिंगेनच्या वाळूवर धावपट्टी झालीच, तर ती एका गावावर झाली, एवढे तरी मराठीत नोंदलेले असावे.