सायकलस्वाराचा जमाखर्च

पोटाचा जमाखर्च ठेवण्याची कल्पना आपल्याकडे पुष्कळांस हास्यास्पद वाटते. पैशाचा हिशेब मांडावा, दुधाच्या रतिबाचा मांडावा, धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांचा मांडावा. परंतु पानांतील घांस मोजून खाणें आपल्या रीतीस शोभत नाहीं, असें वडील मंडळी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. तथापि हल्लीं मरोळच्या रस्त्यांवरून सकाळीं सायकलनें कचेरीस जाणारा एक नवा वर्ग दिसूं लागला आहे, व त्यानें हा जमाखर्च मोठ्या हौसेनें आरंभिला आहे. मनगटावर घड्याळ, खिशांत फोन. अंतर किती काटलें, उष्मांक किती खर्चिले, न्याहारींत किती पोटांत गेले, याची नोंद घडोघडीं होत असते. ही हौस थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं, असें माझें मत आहे. माझी तक्रार निराळी आहे. हा हिशेब वहीच्या एकाच पानावर मांडला जातो. दुसरें पान उलटून कोणी पाहत नाहीं.

प्रथम उष्मांक म्हणजे काय तें पाहूं. एक किलोग्रॅम पाण्याचें तपमान एका अंशानें वाढविण्यास जी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी, हें विद्यार्थीमित्रांस विज्ञानाच्या तासावरून ठाऊक असेलच. आहारशास्त्रांत हिलाच उष्मांक म्हणण्याचा प्रघात आहे. पिष्टमय पदार्थ व प्रथिनें यांच्या एका ग्रॅमापासून सुमारें ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमापासून सुमारें ९ उष्मांक शरीरास मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील विल्बर ॲटवॉटर यांच्या प्रयोगांतून हे आंकडे बसविले गेले. आपल्या देशांतही हें काम मागाहून झालें असें नाहीं. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं १९१८ सालीं कुन्नूर येथें ज्या प्रयोगशाळेचा पाया घातला, तीच पुढें हैदराबादेची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. आणि ज्वारी-बाजरीपासून भाजीपाल्यापर्यंत आपल्या अन्नाचीं पोषणमूल्यें सांगणारीं आयक्रॉइड यांचीं कोष्टकें १९३७ सालींच प्रसिद्ध झालीं होतीं. भाकरीचा हिशेब मांडण्यास परदेशी पुस्तक उघडण्याचें कारण नाहीं.

आतां एक उदाहरण घेऊं. साठ किलो वजनाचा एक गृहस्थ मरोळ नाक्याहून साकीनाका व कुर्ल्यावरून वांद्रे-कुर्ला संकुलांतील आपल्या कचेरीस जातो. अंतर अदमासें आठ किलोमीटर, जाऊन-येऊन सोळा. मध्यम वेगानें हा प्रवास एका तासाचा. तेवढ्यांत त्याचे सुमारें चारशे उष्मांक खर्च होतात. पैकीं साठएक तर तो स्वस्थ बसला असता तरी खर्च झालेच असते. म्हणजे सायकलीच्या नांवें साडेतीनशे लिहावे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक दणकट भाकरी घेतली कीं हा खर्च भरून निघाला! ज्यांना सायकलीवर बसण्यापूर्वीं चकचकीत वेष्टनांतील शक्तिदायक वड्या खाव्याशा वाटतात, त्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा यांनीं अर्ध्याहून अधिक काम भागतें. उलट पक्षीं, कचेरीच्या दाराशीं उभें राहून एक वडापाव खाल्ला तर तीनशेच्या आसपास जमा होऊन सायकलीचा सारा खर्च जवळजवळ फिटतो; मग महिनाभरांत वजन तसूभर हललें नाहीं म्हणून सायकलीस दोष देण्यांत अर्थ नाहीं.

हिशेबांत खरी मौज चढाची आहे. पवईकडे किंवा आरे वसाहतीकडे जातांना जो चढ लागतो त्यानें नवशिका घामाघूम होतो व आपण आज पर्वत जिंकला असें समजतो. परंतु पन्नास मीटर उंची चढण्यास, माणूस व सायकल मिळून पंचाहत्तर किलो वजन धरलें, आणि स्नायूंची कार्यक्षमता शेंकडा वीस-बावीस धरली, तर चाळीस उष्मांक पुरतात; म्हणजे दोन चमचे साखर. आतां साकीनाक्याकडे वळूं. उभी सायकल ताशीं अठरा किलोमीटर वेगास आणण्यास प्रत्येक वेळीं सुमारें एक उष्मांक लागतो, आणि ब्रेक दाबतांच तो वाऱ्यावर जातो. सिग्नल, रिक्षा, आडवी आलेली हातगाडी, वाटेंतच थांबलेली बस, यांच्यापायीं चाळीस वेळां थांबावें लागलें कीं पन्नास मीटरांचा डोंगर चढून झाला. फरक इतकाच कीं, त्याच्या माथ्यावर थंड वारा नाहीं आणि पलीकडे उतारही नाहीं. मरोळच्या सायकलस्वाराचा डोंगर हा रहदारीचा आहे.

या दृष्टीनें इकडे माउंटन बाइकची जी आवड पसरली आहे ती वरवर दिसते तितकी वेडगळ नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत टॅमलपायस डोंगराच्या उतारांवर ही डोंगरी सायकल जन्मास आली. रुंद टायर, पुढें धक्के सोसणारा चिमटा, हलके गिअर. डांबरी रस्त्यावर तिचे खरखरीत टायर अधिक शक्ति खातात, आणि चौदा-पंधरा किलोंचें तिचें धूड जिन्यावरून उचलून नेतांना आणखी कांहीं उष्मांक जातात तें वेगळेंच! परंतु पावसाळ्यांत मरोळ-मरोशी मार्गावर खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक व गटारांच्या जाळ्या यांतून तीच निभावून नेते. रस्ता गुळगुळीत असता तर साधी सायकल पुरली असती. ज्यास वजन उतरवावयाचें आहे त्यास अर्थात् हा तोटा नफाच वाटतो.

स्कूटरशीं तुलना केल्याविना हें प्रकरण पुरें होणार नाहीं. एक लिटर पेट्रोलांत साडेसात हजारांहून अधिक उष्मांक असतात. लिटरास पंचेचाळीस किलोमीटर जाणारी स्कूटर त्याच सोळा किलोमीटरांस सुमारें सत्तावीसशे उष्मांक जाळते. राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं पासष्ट किलो वजनाच्या, मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची गरज २,७१० उष्मांक ठरविली आहे. एका माणसाचा दिवसभराचा आहार जितक्या शक्तीचा, तितकी शक्ति स्कूटर कचेरीच्या एका फेरींत धुरावाटे सोडते. सायकलस्वार तें काम एका भाकरींत करतो.

घड्याळाच्या आंकड्यांविषयीं मात्र सावध असावें. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१७ सालीं मनगटावर बांधावयाचीं सात यंत्रें तपासलीं. नाडीचे ठोके त्यांतील बहुतेकांनीं ठीक मोजले. परंतु उष्मांकांच्या बाबतींत सर्वांत चांगल्या यंत्राची चूक सरासरी शेंकडा २७ व सर्वांत वाईट यंत्राची ९३ निघाली. अन्नाची बाजूही तितकीच ढिली. फोडणींत तेलाचा एक मोठा चमचा अधिक पडला कीं पातेल्यांत सव्वाशेंवर उष्मांक वाढले, आणि आपल्या स्वयंपाकघरांतून तेल मोजून पडतें असें कोण म्हणेल? म्हणून रोजच्या आंकड्यावर रोज हर्षविषाद करूं नये. पंधरा दिवसांचा कल पाहावा.

आतां दुसरें पान. मरोळ हें एके काळीं शेतीचें गांव. पुढें तेथें औद्योगिक वसाहत झाली, शेजारीं १९७३ सालीं सीप्झ उभें राहिलें, २०१४ मध्यें मेट्रो आली व २०२४ मध्यें दुसरी. तरीही घड्याळवाल्या सायकलस्वाराच्या कितीतरी आधीं, पहांटेच्या अंधारांत, याच रस्त्यावरून दुसरे सायकलस्वार जाऊन आलेले असतात: पाववाला, दूधवाला, वर्तमानपत्रें टाकणारा, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी. दुपारच्या सुमारास डबेवाल्यांच्या सायकली दिसतात. त्यांच्या हँडलला व मागच्या बैठकीला दुसऱ्यांचें जेवण लटकलेलें असतें. २०११ च्या जनगणनेंत, शेतीखेरीज अन्य कामें करणाऱ्यांपैकीं शेंकडा तेरा लोक सायकलनें कामावर जातात असें आढळून आलें. त्यांतील फारच थोडे हौसेनें जात असतील.

त्यांचाही हिशेब मांडूं. बारा तासांची पाळी उभ्यानें करून दहा-बारा किलोमीटर सायकल हांकणाऱ्या पहारेकऱ्यास सत्तावीसशे उष्मांक तरी हवेतच. त्यानें दिवसभरांत दोन वडापाव व चार कप चहा घेतला असें धरूं. नऊशेंच्या आंतच आंकडा थांबतो. उरलेलें सारें रात्रीच्या एका जेवणांत भरून निघावयाचें, आणि तें न निघाल्यास शरीरांतून वजा व्हावयाचें. जमेपेक्षां खर्च अधिक झाला कीं कचेरीवाल्याच्या फोनवर शाबासकीची खूण उमटते. तीच तूट पहारेकऱ्याच्या अंगीं आली तर तिला उपासमार म्हणावें लागतें. ज्या उष्मांकांच्या कोष्टकांनीं आपण स्वतःची चरबी मोजतों, त्यांनींच आपल्या इमारतीच्या दारावरील माणसाचें जेवण मोजावयास काय हरकत आहे? कुन्नूरचीं कोष्टकें तरी, वाचकहो, लठ्ठांस बारीक करण्याकरितां झालीं नव्हतीं; देशांतील लोकांस पुरेसें अन्न मिळतें कीं नाहीं हें पाहण्याकरितां झालीं होतीं.

विद्यार्थ्यांसही येथेंच एक गोष्ट सांगावयाची आहे. मोठ्यांचें पाहून आठवी-नववीचीं मुलें-मुली फोनवर जेवण मोजूं लागलीं आहेत व आंकडा कमी करण्याच्या नादीं पानांतील भात मागें सारूं लागलीं आहेत. बैठें काम करणाऱ्या प्रौढ पुरुषास २,११० उष्मांक पुरतात. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास त्याच संस्थेच्या मतें ३,३२० लागतात, मुलीस २,५००. सायकलनें शाळेस येणाऱ्या मुलानें बापापेक्षां एक भाकरी अधिकच खाल्ली पाहिजे, आणि आईनें ती आग्रहानें वाढली पाहिजे.

सायकलस्वारांच्या सोयीसाठीं वांद्रे-कुर्ला संकुलांत २०११ च्या सुमारास निराळी वाट आंखली होती. तिच्यावर मोटारी उभ्या राहूं लागल्या, आणि २०२५ सालीं ती काढून मोटारींचा रस्ता रुंद करण्याचें ठरलें. निराळी वाट ही हौशी लोकांची चैन, अशी समजूत असल्यावांचून हा निर्णय सुचला नसता. त्या वाटेचा खरा गरजू पाववाला होता. त्यास कोणी विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. मरोळच्या नव्या इमारतींतून मोटारींकरितां तीन-तीन मजले राखलेले असतात. तेथें दहा सायकलींपुरती सावलीची जागा आणि पाळीवरील लोकांस डाळ-भात-भाजीचें एक पुरतें जेवण, एवढें देण्यास मालकांस फारसा खर्च नाहीं. घड्याळ बांधून कचेरीस येणाऱ्या सायकलस्वारांनीं तें मागावें. पहारेकऱ्याचें त्या दारीं कोणी ऐकत नाहीं; त्यांचें ऐकतात.