कागद म्हणतो, गेलाच नव्हता

ज्या घरातला मुलगा फौजेत असतो त्या घराला एक पत्ता तोंडपाठ असतो. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’. त्यात गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. पोरगा बर्फात आहे, वाळवंटात आहे की समुद्रापलीकडे आहे, हे पाकिटावरून कळू नये अशीच ती सोय. शत्रूला कळू नये म्हणून आईलाही कळू नये, हे लढाईच्या काळात कुणीही समजून घेईल. पण लढाई संपते, शिपाई घरी येतो, म्हातारा होतो आणि एके दिवशी ज्या सरकारने त्याला धाडले तेच सरकार त्याला विचारते, ‘तू तिथे होतास, याला पुरावा काय?’

हा प्रश्न ज्यांना सर्वांत जास्त वेळा विचारला गेला ते अमेरिकेचे माजी सैनिक. कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर म्हणून ज्या देशाचे आपण नेहमी कौतुक करतो, तिथेच हे घडावे यात आश्चर्य आहे, आणि आपल्याला शिकण्यासारखेही बरेच आहे.

अमेरिकी सैनिकाला नोकरी सुटताना एक दाखला मिळतो. ‘डीडी २१४’ हे त्याचे नाव. १९५० पासून हा नमुना चालू आहे. दवाखाना, पेन्शन, घरासाठी कर्ज, मेल्यावर लष्करी इतमाम, साऱ्यासाठी हाच कागद. त्यात परदेशातील सेवेचा एक चौकोन असतो : इतकी वर्षे, इतके महिने, इतके दिवस. चौकोन हाताच्या अंगठ्याएवढा. देश कोणता हे त्यात येत नाही. आले तर खालच्या शेऱ्यात येते. कारकुनाने घाईत शून्य लिहिले, घरी जायला अधीर झालेल्या पोराने न वाचता सही केली, की झाले. विशीतला मुलगा सुटकेच्या दिवशी चौकोन मोजत बसत नाही.

पण सगळा दोष कारकुनाचा नाही. मूळ नेमणूक एका देशात आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या देशात, असे लष्करात सर्रास चालते. माणूस कागदावर फिलिपिन्समध्ये असतो. सहा आठवड्यांसाठी त्याला व्हिएतनाममध्ये विमाने दुरुस्त करायला पाठवतात. ही तात्पुरती कामगिरी. ती सुटकेच्या दाखल्यात बरेचदा चढतच नाही. सहा आठवड्यांनी काय मोठे बिघडणार, असे तेव्हा वाटत असेल.

बिघडले ते पुढे, काही वर्षांनी. व्हिएतनामच्या जंगलांवर १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने झाडांची पाने गाळणारी रसायने फवारली. त्यातले ‘एजंट ऑरेंज’ सर्वांत कुप्रसिद्ध. त्यातील डायॉक्सिन या विषाचे परिणाम दिसायला दशके लागली. कर्करोगाचे काही प्रकार, मधुमेह, मज्जातंतूंचे विकार. (ज्यांच्या शेतांवर ते पडले त्या व्हिएतनामी खेडुतांचे काय, हा याहून मोठा प्रश्न, त्यांच्यासाठी तर असा कुठला चौकोनही नव्हता.) फवारा नेमका कुणाच्या अंगावर पडला हे कुणी सिद्ध करू शकणार नाही, हे ओळखून १९९१ साली अमेरिकेने कायदा केला : जो त्या काळात व्हिएतनाममध्ये होता त्याचा संपर्क आला असे गृहीत धरावे. कायदा माणुसकीचा होता. मात्र त्यामुळे सारा भार एका शब्दावर आला – ‘होता’. तू तिथे होतास हे दाखव, बाकीचे आम्ही मानतो! आणि ‘होता’ हे सांगणारा कागद म्हणजे तोच अंगठ्याएवढा चौकोन.

मग ‘होता’ म्हणजे काय, यावर कोर्टकचेरी सुरू झाली. किनाऱ्याजवळ जहाजावर महिनोन्महिने असलेल्या खलाशांचे पाय जमिनीला लागले नव्हते. २००८ मध्ये अपील न्यायालयाने जमिनीला पाय लागण्याची अट मान्य केली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला आणि त्याच वर्षी कायदाही बदलला. थायलंडचीही तीच गत. व्हिएतनामवर बाँब टाकणारी कित्येक विमाने थायलंडच्या तळांवरून उडत, तळांच्या कुंपणाभोवतीही तणनाशके मारली जात. पण तुझी ड्यूटी कुंपणालगत होती हे दाखव, असा आग्रह वर्षानुवर्षे राहिला. अखेर ऑगस्ट १९४५ ला नव्हे, ऑगस्ट २०२२ ला झालेल्या कायद्याने ९ जानेवारी १९६२ ते ३० जून १९७६ या काळात तिथल्या कुठल्याही तळावर असलेल्या सैनिकाला हे गृहीतक लागू केले. युद्ध संपून सत्तेचाळीस वर्षे झाली होती. तोवर वाट पाहणाऱ्यांतले कितीजण उरले असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता कुणी म्हणेल, दाखला चुकला असेल तर मूळ दप्तर काढून पाहावे. इथे गोष्ट फारच विचित्र वळण घेते. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस शहराजवळच्या लष्करी दप्तरखान्याला आग लागली. वरचा मजला जळाला, पाण्याने खालचे कागद भिजले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. नकला नव्हत्या, सूक्ष्मपटावर उतरवलेल्या नव्हत्या, कुठली फाइल गेली हे सांगणारी यादीही नव्हती. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांपैकी ऐंशी टक्के लोकांची नोंद गेली. हवाई दलात तर नशीब आडनावावर ठरले : १९४७ ते १९६४ मध्ये सुटलेल्या, इंग्रजी वर्णक्रमाने ‘हबर्ड’च्या पुढे येणाऱ्या लोकांच्या फायलींपैकी तीन चतुर्थांश गेल्या; त्याच्या आधीचे सुखरूप. ‘ब’चा बचावला आणि ‘स’चा सापडला!

आणि नियतीचा विनोद पाहा. त्याच जुलै महिन्यात, सिनेटच्या समितीपुढे मेजर हॅल नाइट नावाचा हवाई दलातला माजी अधिकारी साक्ष देत होता. व्हिएतनाममधल्या बिएन होआ इथल्या रडार केंद्रावर तो काम करी. बी-५२ विमानांना रात्री कंबोडियातल्या लक्ष्यांवर न्यायचे, पहाट होताच खऱ्या लक्ष्यांचे कागद जाळायचे आणि बाँब दक्षिण व्हिएतनाममध्येच पडले असा अहवाल पाठवायचा, हे त्याचे नेमून दिलेले काम. मार्च १९६९ पासून चौदा महिने ही गुप्त मोहीम चालली होती. म्हणजे एकीकडे खरे कागद अपघाताने जळाले आणि दुसरीकडे हुकमाने जाळले गेले. खोटा कागद मात्र नीटनेटका, सहीशिक्क्याचा, जागच्या जागी होता.

या पार्श्वभूमीवर चूक दुरुस्त करण्याची रीत तपासायला हवी. १९४६ पूर्वी एका शिपायाची नोंद सुधारायला अमेरिकेच्या संसदेत खास विधेयक आणावे लागे. त्या वर्षी ते बंद करून बिगर-लष्करी सदस्यांची मंडळे नेमण्याची तरतूद झाली. आज सैनिक ‘डीडी १४९’ हा अर्ज करतो. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ती माफ करू शकते. मंजूर झाले तर बहुधा ‘डीडी २१५’ नावाचा पुरवणी कागद मिळतो.

मात्र मंडळ सुरुवात करते ती या गृहीतकापासून की सरकारी नोंद बरोबर आहे. चूक आहे हे अर्जदाराने दाखवावे. गंमत अशी, की त्याच देशात माजी सैनिकांना भरपाई देणारे दुसरे खाते आहे आणि त्याचा कायदा सांगतो, दोन्ही बाजूंचा पुरावा समसमान असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा. एकाच माणसाकडे, एकाच गोष्टीसाठी, एक खाते संशयाने पाहते आणि दुसरे विश्वासाने. आमच्या मते दुसऱ्याची दृष्टी बरोबर आहे, आणि तीच पहिल्यानेही घ्यावी. बदलीचा हुकूम सैनिकाने काढला नव्हता. नोंदवही त्याच्या ताब्यात नव्हती. दप्तरखान्यात पाण्याचे फवारे बसवायचे की नाहीत हे त्याला कुणी विचारले नव्हते. ज्याच्या हातात लेखणी त्याच्यावर जबाबदारी, हा साधा व्यवहार आहे.

याला एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. न गेलेल्या लढाईच्या कथा सांगणारे, न मिळालेली पदके छातीवर लावणारे लोक अमेरिकेत पुष्कळ निघाले. त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. छाननी हवीच. पण छाननीची साधनेही सरकारकडेच असतात. पलटणीचा रोजचा हजेरी अहवाल, जहाजाची दैनंदिनी, पगाराची पत्रके, प्रवासभत्त्याची बिले. म्हाताऱ्या माणसाला ती हुडकायला लावण्यापेक्षा खात्याने आपणहून काढावीत. त्याच्या बाजूने तो जुन्या सोबत्याचे प्रतिज्ञापत्र आणू शकतो, छायाचित्र आणू शकतो आणि घरी धाडलेली पत्रेही. अमेरिकी सैनिकाच्या पाकिटावरही गाव नसे, ‘एपीओ सॅन फ्रान्सिस्को’ आणि एक आकडा असे. तो आकडा कुठल्या तळाचा हे आता याद्यांवरून काढता येते. लपवण्यासाठी योजलेला पत्ताच शेवटी साक्षीला उभा राहतो.

आता आपल्या दाराशी येऊ. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. आकडे आहेत, नावे नाहीत. तिकडे बसऱ्याच्या स्मारकावरही तसेच झाले : गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी शिपायांचे पलटणीनिहाय आकडे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच कबूल केले, की किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृत सैनिकांचे, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्यांचे, नावानिशी स्मरण झालेच नाही. शंभर वर्षांनी का होईना, चूक आमची, हे सरकारी तोंडातून निघाले. त्यांच्या नातवंडांनी ते ऐकायचे.

नंतरच्या पिढ्यांचे अजून हातात आहे. १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेले जवान आज साठी-सत्तरीत आहेत. आपल्याकडे पलटणीच्या कचेरीतून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते, ती रेकॉर्ड ऑफिसात पोचते आणि मग नोंद चढते. बदली, जखम, लग्न, मुलाचा जन्म, सारे त्यातूनच. एखादी ऑर्डर निघायची राहिली की ती घटना सरकारदरबारी घडलेलीच नसते. त्यात आपली लग्नात बायकोचे नाव बदलायची हौस! कागदावर माहेरचे, रेशनकार्डावर सासरचे, आणि विधवा झाल्यावर दोघी एकच हे सिद्ध करत बाई जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी झिजवते.

म्हणून घरात फौजी माणूस असेल तर आज दुपारी जेवणे झाल्यावर त्यांचे डिस्चार्ज बुक मागून घ्या आणि त्यांच्या शेजारी बसून पान पान वाचा. कुठे कुठे होतात, कुठल्या साली, बरोबर कोण होते, हे विचारा आणि लिहून घ्या. लिहिलेल्यात आणि सांगितलेल्यात फरक निघाला तर ते हयात असतानाच रेकॉर्ड ऑफिसला पत्र धाडा. मराठा पलटणीचे असतील तर बेळगावला. सोबत्यांपैकी कुणी असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या. आणि ट्रंकेच्या तळाशी जुनी पत्रे असतील तर ती पाकिटांसकट ठेवा. तिकिटांच्या वहीसाठी मुलांनी शिक्क्याचा कोपरा कापून नेला असेल, तर ती वहीही शोधा.